हाळीचा नवा पत्ता

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

कॉलेजच्या सरांचा मेसेज सकाळीच आला. ते निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी येणाऱ्या मॅडमना लॅब रिकामी हवी आहे. "तुमचं हाळीचं मशीन मार्चअखेर बंद करावं लागेल. माफ कर बेटा." सरांनी माफी मागितली की मला कसंतरीच होतं. इतकी वर्षं कॉलेजच्या विजेवर आमचा सर्व्हर फुकट चालला, तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

ज्ञानदेवला कळवलं. तो म्हणाला, मोठा बदल करताना तो का केला हे लिहून ठेवत जा, वर्षभरानं आपल्यालाच आठवत नाही. म्हणून हे लिहिणं. ही खासगी डायरी नव्हे, निर्णयाची नोंद आहे.

तर नोंद. हाळी हे मोबाइलवरचं अ‍ॅप आहे. ज्यांचा आवाज गेला आहे त्यांनी मराठीत टाइप करायचं, फोन मोठ्याने बोलतो. बाबांचं स्वरयंत्र काढलं तेव्हा मी ते लिहायला घेतलं, कारण त्या वेळी मिळणारे आवाज मराठी बोलताना इंग्रजी शाळेतल्या पाहुण्यांसारखे बोलायचे. नाव बाबांनी ठेवलं. गावाकडे शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारतात, ती हाळी. अ‍ॅप मोफत आहे, त्याचा कोड कोणालाही बघता येतो, बदलता येतो. सांभाळणारे दोघे: मी आणि ज्ञानदेव. तो निगडीला प्राधिकरणात राहतो, मी थेरगावला. प्रत्यक्ष भेट फारशी झालेली नाही, गरज पडत नाही.

कोड दुसरीकडे सुरक्षित आहे. कॉलेजच्या मशीनवर आहे तो ट्रॅकर, त्यातले बग रिपोर्ट, म्हणजे वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या चुका आणि आमची उत्तरं. सुरुवातीपासूनची सगळी, कोणालाही वाचता येणारी. त्यांना नवीन घर शोधायचं आहे.

१२ फेब्रुवारी

ज्ञानदेवचं मत आधीच ठरलेलं आहे. जगातले बहुतेक प्रोग्रामर जिथे असतात त्या मोठ्या ठिकाणी जायचं. "सगळे तिथंच आहेत, राव. आपण कोपऱ्यात बसून किती दिवस काढणार? तिथं नवीन मुलं दिसतील, मदतीला येतील." तो मलाही राव म्हणतो, मी सोडून दिलं आहे.

माझ्या डोक्यात आणखी एक जागा आहे. युरोपातल्या काही स्वयंसेवकांनी चालवलेली छोटी संस्था. जाहिराती नाहीत, मालक नाही. तिथे खातं न काढता नुसता मेल टाकला तरी रिपोर्ट तयार होतो. पण पानं हळू उघडतात आणि गेल्या महिन्यात एक अख्खा दिवस बंद होती. ज्ञानदेव म्हणाला, "आणि मेलचं दार उघडं ठेवलंस की जगभरातले जाहिरातवाले घुसतात. साफ कोण करणार?"

मुद्दा बरोबर आहे. तिसरा पर्याय स्वतः सर्व्हर भाड्याने घेण्याचा. तो मी मनातच खोडला. मला सुट्टीवर जायचं झालं तर कोण बघणार? (मी सुट्टीवर जात नाही, पण तत्त्व म्हणून.)

१६ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या ठिकाणी चाचणी म्हणून सगळे रिपोर्ट नेऊन पाहिले. तांत्रिकदृष्ट्या व्यवस्थित गेले. एक अडचण आहे. तिथे प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव आणि फोटो लागतो. जुन्या माणसांची तिथे खाती नाहीत, त्यामुळे रिपोर्ट आणणाऱ्याचं नाव लागतं. आणणारी मी. म्हणजे आता सगळ्या तक्रारी मीच केल्या आहेत, उत्तरंही मीच दिली आहेत, आभारही मीच मानले आहेत. पानामागून पान माझाच फोटो. थोडा वेळ बघत बसले.

बाबांचे रिपोर्टही माझ्या नावावर. "'पाणी' म्हटलं की 'पाणि' म्हणते." लेखिका, मैत्री. "'च' दोन प्रकारचा असतो. 'चमचा' मधला आणि 'चार' मधला. हिला कोण शिकवणार?" लेखिका, मैत्री. कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या गोंगाटात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान इतके तिखट कसे राहिले, कोण जाणे.

बाबांची शिस्त मोठी. ऑपरेशननंतर ते आतल्या खोलीत असायचे, मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन. काही सुचलं की ते उठून येत नसत, ट्रॅकरवर रिपोर्ट टाकायचे. मी हॉलमधून उत्तर द्यायचे. कामात व्यत्यय नाही आणि सगळं नोंदीवर राहतं. ऑफिसच्या टीममध्येही इतकं नीट कोणी करत नाही.

काही मात्र भलतेच आहेत. "मैत्री, चहा घेतेस का?" मी उत्तर लिहिलंय, "हा बग नाही," आणि बंद केलाय. तशीच खूण बऱ्याच रिपोर्टवर आहे. आज वाचून हसू आलं.

दादाचा फोन आला होता. मोशीला ये, आमच्या पिंकीचा वाढदिवस आहे. म्हटलं, सर्व्हर हलवतेय. "सर्व्हर काय पळून जातोय का?" म्हटलं, हो, तेच तर.

१९ फेब्रुवारी

एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. आता प्रत्येक जुन्या रिपोर्टच्या पहिल्या ओळीत मूळ लेखकाचं नाव येतं. बाबांच्या रिपोर्टवर येतं, "मूळ लेखक: भिवा गायकवाड." फोटो माझाच राहणार. त्याला इलाज नाही.

२ मार्च, रविवार

आज दत्तोबांबद्दल लिहायला हवं, कारण निर्णयाशी संबंध आहे.

दत्तोबा चाकणजवळ निघोज्यात राहतात. त्यांच्याही घशाचं ऑपरेशन झालेलं. आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात जास्त लिहिणारे वापरकर्ते. आधी फार नेमके बग लिहायचे. त्यांची मोठी मागणी मी वर्षभर उघडी ठेवली आहे: "आमी न्हाई टायपलं तर हाळी नाही म्हनती. व्हय टायपलं तर होय म्हनती. हिनं माजी भाषा सुदरायची न्हाई. घरात पोरं हासत्यात, म्हनत्यात आबा मास्तर झालं." चूक आमच्या शुद्धलेखनाच्या भागाची आहे. तो भाग ज्ञानदेवने मेहनतीने लिहिलाय, म्हणून मी हात लावायला कचरते.

पण गेल्या सप्टेंबरपासून त्यांचं काहीतरी बिघडलंय. बग सोडून भलतंच लिहितात. "म्हैस व्याली. रेडकू तांबडं हाय." "कंपनीच्या भोंग्यानं कुत्रं रडतंय." "आज निस्तं भाकरी आन ठेचा. तू काय खाल्लंस?" मी दरवेळी "हा बग नाही" लिहून बंद करते, पण असंच तोडून टाकायला बरं वाटत नाही, म्हणून एखादी ओळ घालते. मी उपमा खाल्ला. इथे गरम होतंय. तासाभरात त्यांचं पुढचं येतं.

ज्ञानदेव वैतागलाय. "आजोबा ट्रॅकरला व्हॉट्सअ‍ॅप समजतात. नवीन जागी साचा लावू. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तीन रकाने भरल्याशिवाय रिपोर्ट जाणारच नाही."

एकटे असावेत बिचारे. म्हातारपणी आवाज गेला की माणसं जवळ बसत नाहीत. मला वाईट वाटतं, पण आम्ही दोघं किती आणि कोणाकोणाला पुरे पडणार?

१५ मार्च

ठरलं. मोठं ठिकाण.

कारणं, नोंदीसाठी: स्थिर आहे, बंद पडत नाही, नवीन लोक सापडतील, ज्ञानदेवची पसंती. विरोधातली कारणं भावनिक आहेत.

तीन रकान्यांचा साचा तयार केला. जुन्या पत्त्यावर ठळक सूचना लावली, "हाळीचे रिपोर्ट आता नवीन ठिकाणी," खाली लिंक. ज्ञानदेवने अंगठा पाठवला.

२८ मार्च, शुक्रवार

ऑफिसातून अर्धा दिवस घेऊन लॅबमध्ये गेले. मशीन मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. टेबलाखाली ढकललेला साधा कॉम्प्युटर, वर कोणीतरी प्रॅक्टिकलच्या फायली रचलेल्या. मला का कोण जाणे, मोठ्या कपाटासारखं काहीतरी वाटत होतं.

सर म्हणाले, "तू बंद करतेस की मी करू?" मी म्हटलं, तुम्हीच करा. त्यांनी बटण दाबलं. पंखा थोडा वेळ फिरत राहिला आणि थांबला. मग एकदम लॅबबाहेरच्या पोरांचा आवाज ऐकू यायला लागला.

"जेवलीस का?" सरांनी विचारलं. कँटीनला चल म्हणाले. मला हिंजवडीला परत जायचं होतं, कॉल होता. कॉल नंतर रद्द झाला, तेव्हा मी भूमकर चौकातल्या गर्दीत अडकलेली होते.

१० एप्रिल

नवीन ठिकाणी रिपोर्ट शून्य.

ज्ञानदेव खूश आहे. "सॉफ्टवेअर स्थिर झालं, राव. पहिल्यांदाच." डाउनलोडचे आकडे तर तेवढेच आहेत. म्हणजे लोक वापरत आहेत आणि कोणालाच अडचण नाही.

ऑफिसमधून आल्यावर काय करावं कळत नाही. आधी रिपोर्ट बघायचे. आज भांड्यांचं कपाट लावलं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून डांगे चौकाच्या बाजूने गाणी. दादाचा फोन, "पिंपरीला येतेस ना? आम्ही निघालोय, पिंकीनं निळा फ्रॉक घातलाय." बाबा असताना आम्ही दरवर्षी जायचो. आवाज गेल्यावरही ते यायचे, मिरवणुकीत हाळीचा आवाज पूर्ण वाढवून फोन डोक्यावर धरून "जय भीम" करायचे. माणसं वळून बघायची, मग हसून उत्तर द्यायची.

मी म्हटलं, गर्दीत जीव घाबरतो. नंतर येईन. गॅलरीतून खालच्या पोरांची रॅली पाहिली.

मग हाती वेळ होता म्हणून दत्तोबांची ती जुनी मागणी करायला घेतली. ज्ञानदेवच्या भागाला फार धक्का न लावता एक बटण घातलं: "जसं लिहिलं तसंच बोल." "न्हाई" टाइप केलं. हाळी "न्हाई" म्हणाली. रिकाम्या घरात इतकं खणखणीत म्हणाली की मी दचकले.

१८ एप्रिल

बदल सगळ्यांच्या फोनवर पोचला असेल. दत्तोबांच्या रिपोर्टवर लिहिलं, "झालं. बघून सांगा." उत्तर नाही. हे त्यांच्यासारखं नाही. मेल टाकला, त्यालाही उत्तर नाही. फोन नंबर कधी विचारलाच नव्हता.

१९ एप्रिल, शनिवार

मनात शंका आली म्हणून एक प्रयोग केला. बाबांचा जुना फोन चार्ज केला आणि नवीन माणूस असल्यासारखी मोठ्या ठिकाणी रिपोर्ट लिहायला गेले. सगळं इंग्रजीत. खातं काढा. पासवर्ड असा नको, तसा हवा. मग तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: एक चित्र फिरवून दुसऱ्या चित्राच्या दिशेला लावा. बारीक पडद्यावर ते माझ्या बोटांनाही जमेना. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं तर म्हणे आता आणखी एक अ‍ॅप घ्या, त्यातला आकडा टाका. मी, हे काम पोटासाठी करणारी बाई, तिथे थांबले.

म्हणजे सॉफ्टवेअर स्थिर झालेलं नाही. दार बंद झालंय आणि आत आम्ही दोघं शांततेचं कौतुक करत बसलोय.

ज्ञानदेवला सांगितलं. तो बराच वेळ टाइप करत होता, मग एवढंच आलं, "अरेरे."

२६ एप्रिल, शनिवार

सविस्तर लिहिते.

स्कूटर काढून निघोज्याला गेले. मोशीच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत जीव मुठीत धरून चालवली. गावात शिरल्यावर पानाच्या टपरीवर विचारलं, "घशाचं ऑपरेशन झालेले दत्तोबा कुठे राहतात?" तर टपरीवाला म्हणाला, "फोनवर बोलत्यात ते व्हय? सरळ जा, म्हशी दिसतील तिथं." विचारताना मनात वाईट विचार होते.

म्हशी दिसल्या. दोन मजली घर, पुढे मोठं अंगण, अंगणात माणसांचा बाजार. दोन सुना कुरडया घालत होत्या, पोरं सायकलवरून गोल फिरत होती, कोणीतरी कंपनीच्या निळ्या शर्टात शिफ्टला निघालेलं. आणि मधोमध बाजेवर उघड्या गळ्यावर रुमाल बांधलेले, गळ्यात दोरीने फोन अडकवलेले एक धिप्पाड म्हातारे. चार जण त्यांच्याभोवती. ते टाइप करत, फोन बोले, आणि सगळे हसत. मी फाटकातच थांबले. मला एकटे दत्तोबा शोधायचे होते, हे कोणी दुसरेच असावेत असं वाटलं.

त्यांनी मला पाहिलं. "कोन पायजे?" फोन म्हणाला.

"मी मैत्री. हाळीवाली."

ते बघतच राहिले. मग मान खाली घालून टाइप केलं. "जिती हाईस व्हय तू?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. डोळे पुसले त्यांनी, रुमालाच्या टोकाने.

मोठी सून जयमाला हात धुऊन आली. "या ताई, बसा. अवो, मामंजींनी किती घोर लावून घेतलाय तुमचा. जुनं पान उघडंना. नवीन हाय तिथं गेलं तर ते इचारतंय, मानूस हाय का ते सांगा. पोरांनी पन करून बघितलं. मामंजी म्हनले, तिचं कायतरी बरंवाईट झालं आसनार, त्याबिगार ती गप बसनारी न्हाई."

मी मेल केला होता, म्हटलं. ते मेलचं खातं मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेलं, त्याचा पासवर्ड घरात कोणाला ठाऊक नव्हता. आमचं जुनं पान तेवढं फोनवर कायमचं उघडलेलं असायचं.

"नवीन बटण मिळालं का?" मी विचारलं.

"मिळालं. लई ब्येस झालं," फोन म्हणाला. "पन तुला सांगू कुटं?"

चहा झाला. कुरडईचा चीक वाटीत घालून दिला, वर तेल. मी म्हटलं, "आबा, खरं सांगू? मला वाटायचं तुम्ही एकटे असाल. म्हैस व्याली, काय खाल्लं, असं सगळं लिहायचात."

जयमाला हसली. "एकटे? ह्या घरात एकटं बसायला जागा कुटंय?"

दत्तोबांनी तिला हाताने थांबवलं आणि बराच वेळ टाइप करत राहिले. मग हाळी बोलली, सावकाश, त्यांच्या भाषेत:

"भिवा गायकवाडचं सगळं लिवलेलं मी वाचायचो. माज्यासारकाच घसा त्याचा. तुला चा इचारायचा. गेल्या साली त्याचं लिवनं थांबलं. तवा समजलं. तू मातर रोज उत्तर द्यायचीस. आयतवारी पन. दिवाळीला पन. म्हनलं, हिच्या घरात आता बोलाया कोन न्हाई. म्हनून लिवायचो."

वाटीतला चीक गार झाला होता, तो संपवला.

मग त्यांना समजावून सांगितलं की तसं काही नाही. मला ऑफिस आहे, टीम आहे, भाऊ आहे. कामाची सवय आहे, म्हणून रविवारी उत्तरं देते. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. जुन्या माणसांच्या मनात एकदा काही बसलं की बसलं.

निघताना जयमालाने कुरडयांची पिशवी दिली. येताना मोशीला दादाच्या बिल्डिंगवरून आले. वर दिवा दिसत होता. थांबले असते, पण न सांगता कसं जायचं? आणि डोळ्यात धूळ जाऊन डोळे लाल झाले होते.

२७ एप्रिल, रविवार

निर्णय बदलला. युरोपातल्या छोट्या जागी जायचं. खातं नाही, कोडं नाही, साचा नाही. एक पत्ता, त्यावर मेल टाकला की रिपोर्ट. अ‍ॅपमध्येच बटण देणार, ते दाबलं की सगळ्यांचे रिपोर्ट दिसणार, तिथेच लिहायचं, उत्तरही तिथेच द्यायचं. फोनला मेलचा पासवर्डही लागणार नाही.

ज्ञानदेवला फोन केला. आम्ही सहसा बोलत नाही, लिहितो, त्यामुळे दोघेही अवघडलो. मी सगळं सांगितलं.

"जाहिरातींचा कचरा येईल," तो म्हणाला.

"मी साफ करीन."

"ती जागा बंद पडते अधूनमधून."

"पडू दे. परत चालू होते."

त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, "मैत्री, तुला सांगायचंच होतं. जुलैमध्ये आमच्याकडे बाळ येतंय. मला वाटतं मी थांबतो. हलवायला मदत करतो, मग थांबतो."

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली. मी अभिनंदन केलं, मनापासून केलं.

"तू एकटी किती करणार गं?"

"होईल," म्हटलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्याचं लग्न झालंय हेही मला नक्की माहीत नव्हतं.

११ मे, रविवार

हलवाहलव पूर्ण. इथेही लेखकांच्या नावांची तीच अडचण होती. ही जागा चालवणाऱ्यांपैकी एका बाईंना लिहिलं, तर त्यांनी स्वतः बसून जुनी नावं जागच्या जागी बसवून दिली. आता बाबांच्या रिपोर्टवर बाबांचं नाव आहे. फोटोच्या जागी कोरा गोल. माझा नाही, एवढं पुरे.

जुन्या बंद रिपोर्टपैकी निरुपयोगी वगळायचे का, असं त्यांनी विचारलं होतं. ते घेतले तर जागा जास्त लागते. मी लिहिलं, सगळे हवेत.

ज्ञानदेवने त्याच्याकडच्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्या हवाली केल्या. शेवटी लिहिलं, "काळजी घे, राव."

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

दादा, वहिनी आणि पिंकी न सांगता आले. खीर आणली होती. वहिनीने बाबांची खोली उघडून झाडली. मी ती बंद ठेवते, धूळ बसू नये म्हणून. पिंकीला हाळी दाखवली, तिने तासभर तिच्याकडून स्वतःचंच नाव म्हणवून घेतलं. जाताना दादा म्हणाला, "तू आमच्याकडे येत जा की." म्हटलं, येते. या वेळी तारीख ठरवून गेला, माझ्या फोनमध्ये टाकून.

१९ मे, सोमवार

नवीन पत्ता सगळ्यांच्या फोनवर पोचून आठवडा होत आला. पाच-सहा खरे बग आले आहेत, पैकी एक फार वाईट होता, हाळी आकडे उलटे वाचत होती. दुरुस्त केला. कचराही येतो, सकाळी दात घासता घासता साफ करते.

आज सकाळी वाटलं, वापरणाऱ्याच्या बाजूने एकदा सगळी वाट तपासायला हवी. म्हणून स्वतःच्या फोनवरून, बटण दाबून, चाचणी रिपोर्ट पाठवला. चाचणीसाठी काहीतरी लिहायला हवं होतं. लिहिलं:

"काल भात जास्त झाला. एकटीसाठी किती लावायचा ते अजून कळत नाही. मोठं पातेलं भरून उरलाय."

पाठवला. लगेच ट्रॅकरवर दिसला. वाट नीट चालते आहे. बंद करायला गेले, तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला.

कॉल संपवून पाहिलं तर खाली दोन उत्तरं होती. पहिलं दत्तोबांचं: "फोडनी दे. शेंगदानं घाल, कांदा जादा. आन भाताला हाताची मूठ बगायची, वाटी न्हाई." दुसरं लातूरच्या एका बाईंचं. त्या आजवर फक्त बगच लिहीत आल्या आहेत, फार तुटक. त्यांनी लिहिलं होतं, "वरून लिंबू पिळा. माझाही रोज उरायचा."

कांदे होते, शेंगदाणे होते. मोहरी संपली होती. चप्पल घातली आणि खाली जाऊन घेऊन आले.